बारा हजार फुटांवर टोमॅटो

१६ एप्रिल, सकाळी

आज माझ्यावर एक गंभीर अन्याय झाला. टूथपेस्टचं झाकण उघडलं आणि अर्धी ट्यूब आपण होऊन बाहेर आली. मी दाबलेली नव्हती. ब्रशवर सोडून सगळीकडे आली: स्वेटरवर, आरशावर, आणि उरलेली बेसिनमध्ये वेटोळं घालून माझ्याकडे बघत बसली. सव्वीस वर्षं मी परचेस खात्यात काढली, शेवटी डेप्युटी मॅनेजर होतो, हाताखाली नऊ माणसं होती. इतक्या उद्धटपणे कोणी माझ्याशी वागलं नव्हतं.

ही म्हणाली, उंचीवर हवेचा दाब कमी असतो, झाकण हळू उघडायचं. मी म्हणालो, तशी सूचना ट्यूबवर छापायला हवी. ही म्हणाली, छापलेली सूचना तुम्ही आयुष्यात कधी वाचलीत? विषय तिथेच सोडला. कंपनीला कडक पत्र लिहिणार आहे.

१६ एप्रिल, संध्याकाळ

नोंदीसाठी लिहून ठेवतो. काल बसने इथे पोचलो. उंची बारा हजार फूट. दोन खोल्या, स्वयंपाकघर, एक लोखंडी शेगडी आणि घरामागे उतारावर माझी बाग. सध्या तिच्यावर गुडघाभर बर्फ आहे, पण दृष्टी असलेल्या माणसाला बर्फाखालचं दिसतं. मला टोमॅटो दिसले. हिला विचारलं, तुला काय दिसतं? म्हणाली, बर्फ.

मी नोकरीचा राजीनामा दिला तो निसर्गाच्या ओढीने. जनरल मॅनेजरची जागा दुसऱ्याला दिली म्हणून दिला, हा ऑफिसातल्या लोकांचा गैरसमज आहे. ओढ लहानपणापासून होती. बढतीची यादी लागली त्या दुपारी ती अनावर झाली, एवढंच.

हिने मात्र हात राखून खेळ मांडलाय. हॉस्पिटलात हेड नर्स आहे. राजीनामा न देता सहा महिन्यांची बिनपगारी रजा काढली. अट अशी: सप्टेंबरअखेर तिला हॉस्पिटलला काय ते कळवायचंय. तोपर्यंत या मातीतून दोघांचं एक जेवण निघालं, तेल-मीठ सोडून दुकानातलं काही न घेता, तर ती नोकरी सोडून इथेच राहील. नाही निघालं तर घाट बंद व्हायच्या आत शेवटच्या बसने खाली. तुम्ही यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, असंही म्हणाली.

मला हसू आलं. एक जेवण! मी एक्स्पोर्टच्या विचारात आहे.

२१ एप्रिल

बर्फ जागचा हलत नाही. प्लॅनप्रमाणे आज 'फेज वन: खणणे' सुरू व्हायला हवी होती. लॅमिनेट केलेला तक्ता भिंतीवर लावलाय, तो बघून अस्वस्थ व्हायला होतं.

शेजारी एक मावशी राहतात. एकट्याच, सोबत एक गाय आणि एक बोकड. सकाळी त्या शेगडीची राख घमेल्यात भरून आणतात आणि आपल्या शेतातल्या बर्फावर सरळ फेकून देतात. सगळा काळा करून ठेवलाय. स्वच्छतेची जाणीवच नाही. आमचा बर्फ कसा पांढराशुभ्र, कॅलेंडरवर छापावा असा. आल्यागेल्याला फरक दिसतो.

बोकडाला लांब दाढी आहे आणि ऐकताना तो डोळे अर्धे मिटतो. ज्याला माझी जागा मिळाली तोही असाच ऐकायचा. त्यामुळे मी त्याला जीएम म्हणतो.

४ मे

मावशींचा बर्फ वितळून आठवडा झाला. आमचा आज संपला. त्यांच्याकडे ऊन जास्त पडत असणार.

खणायला सुरुवात. कुदळ एकदा मारली की थोडं थांबावं लागतं. इथे हवा विरळ आहे, आणि मी मुळात खोल श्वास घेणारा माणूस आहे. चार वेळा मारली की बसावं लागतं. बसलं की ही खिडकीतून विचारते, चहा देऊ की ऑक्सिजन? चहाही इथे धड होत नाही. पाणी उकळल्यासारखं दाखवतं आणि कोमट निघतं. सरकारी आश्वासनासारखं.

जमिनीत मातीपेक्षा दगड जास्त. सगळे काढणार. मावशी आपल्या वाफ्यात काळे दगड तसेच ठेवतात, रोपांच्या मध्ये मध्ये. वर काही ठिकाणी मुद्दाम आणून मांडल्यासारखे वाटतात. आळसालाही काही सीमा असते.

१० मे

बिया आल्या: टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगी, कलिंगड. पाकिटं फुग्यासारखी टम्म झाली होती. शुभशकुन मानला.

हिने न विचारता सलगम, पालक आणि बटाट्याचे डोळे आणलेत. मी स्पष्ट सांगितलं, ते प्रोजेक्टच्या बाहेर आहे. सलगम ही भाजी नव्हे, ती शिक्षा आहे. म्हणाली, ठीक आहे, मी माझ्या कपडे धुवायच्या टबात लावते, तुमच्या प्रोजेक्टला धक्का लागणार नाही. टब दक्षिणेच्या खिडकीत ठेवला. दिसायला अगदी गबाळा.

१८ मे

आज जीएमने बागेची पाहणी केली. मी कुदळ टेकून उभा होतो, माझ्याकडे न बघता वाफ्यातून आडवा चालत गेला, शेवटी लेंड्या टाकल्या आणि निघून गेला. वार्षिक रिव्ह्यूची आठवण झाली.

निर्णय: भिंत. दगड आहेतच. चारही बाजूंनी, कंबरेएवढी, सलग. सगळ्यात भक्कम उताराच्या खालच्या बाजूला, कारण जीएम तिकडून येतो.

३० मे

भिंत पूर्ण.

असं दोन शब्दांत लिहिलं की मागची मेहनत कळत नाही. पाठ गेली, दोन नखं काळी पडली, आणि शेवटचा दगड बसवला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. उंचीमुळे. सांध्यांत चिखल भरून लिंपली आहे. आत मुंगी शिरणार नाही.

संध्याकाळी गावातून एक चक्कर मारली, इतरांच्या भिंती बघायला. कीव आली. एकाचीही भिंत पुरी नाही. प्रत्येकाने तीन बाजू नीट बांधल्यात आणि खालच्या अंगाला दार मावेल एवढं भगदाड ठेवलंय. त्यात काटक्या नाहीतर जुनी जाळी अडकवलेली. एका घराचं समजू शकतो, इथे गावच्या गाव काम अर्धवट टाकून बसलंय. ठेकेदार पळून गेला असेल.

ही म्हणाली, सगळ्यांनी एकाच जागी भगदाड ठेवलंय, तर काही कारण असेल. मी म्हणालो, कारण आहेच, वृत्ती. ही म्हणाली, मावशींना विचारू का? मी म्हणालो, मावशी बर्फावर कचरा टाकतात.

१२ जून

ऐतिहासिक दिवस. खिडकीत वाढवलेली रोपं जमिनीत लावली. दोन रोपांमधलं अंतर फूटपट्टीने. प्रत्येकाला लेबल. हिने फोटो काढला, मी नैसर्गिक दिसत होतो.

मावशी भिंतीवरून डोकावल्या. रोपांकडे बघितलं नाही, भिंतीकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, भाऊ, खाली वाट ठेवली नाही का? मी म्हणालो, मावशी, वाट ठेवायला मी भिंत बांधली नाही. त्या म्हणाल्या, बरं. बराच वेळ मान हलवत होत्या. दाद देण्याची इथली पद्धत असावी.

१३ जून, पहाटे

सगळी रोपं काळी. उकडलेल्या पालकासारखी लोंबतायत. पानांवर दव गोठून पांढरी साखर पडल्यासारखी.

मावशींच्या शेतात कोबी ताठ उभा. दोन घरांत अंतर किती? एक शिंक ऐकू जाईल एवढं.

१३ जून, दुपार

शांतपणे विचार केला. दोष नर्सरीचा. बियाणं सखल भागातलं, त्याला उंचीची मानसिक तयारी नव्हती. नवीन मागवतो. दरम्यान भिंत आणखी हातभर चढवायची. थंडी आत येते कशी, तेच बघतो.

२६ जून

भिंत आता छातीपर्यंत. टोमॅटो, मिरची, वांगी, सगळ्यांची दुसरी बॅच लावली, या वेळी तयार रोपं मागवून.

ही गावच्या दवाखान्यात जायला लागली आहे. दवाखाना म्हणजे रस्त्याच्या वळणावरची एक खोली, एक खाट, वजनकाटा आणि गार टेबलावर स्टेथोस्कोप. डॉक्टर पंधरवड्यातून एकदा येतात. ही गेली होती स्वतःची डोकेदुखीची गोळी आणायला, तिथे एक बाई अडली होती. ही परत आली दुसऱ्या दिवशी सकाळी. डोळे सुजलेले, पण चालताना गुणगुणत होती. मुलगी झाली म्हणे, छान रडते. मी तिला भिंतीची नवी उंची दाखवली. म्हणाली, हो का.

आज दुकानात खिळे घ्यायला गेलो. दुकानदाराने आतल्या माणसाला ओरडून सांगितलं, सिस्टरच्या मिस्टरांना खिळे दे. सव्वीस वर्षांच्या कारकिर्दीनंतर.

३ जुलै

दुसरी बॅच गेली. मिरची, वांगी, सगळं. जुलै महिन्यात! मावशींचा कोबी मात्र दिवसागणिक फुगतोय, आणि मावशी त्यावर काही कौतुकसुद्धा करत नाहीत. ते जास्त लागतं.

ही सकाळी अनवाणी बागेत उतरली. वरच्या बाजूला उभी राहिली, मग खाली भिंतीपाशी. परत आली आणि म्हणाली, थंडी पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते. वर पायाला काही लागत नाही, खाली घोट्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात उभं राहिल्यासारखं होतं. गावातले लोक तिला खाली निघून जायला वाट ठेवतात. अहो, तुम्ही धरण बांधलंय.

मी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? म्हणाली, माझ्या तळपायात.

मी वाद घातला नाही. नर्सचं शिक्षण शरीरापुरतं असतं. थंडी वाहते म्हणे. उद्या म्हणेल, ती बसने येते.

४ जुलै

भिंत गळ्यापर्यंत नेण्याचा विचार. दगड संपलेत.

१० जुलै

ऑफिसच्या ग्रुपवर सगळे विचारत होते, बाग कशी आहे? उत्तर न देणं उद्धटपणाचं दिसलं असतं. मावशी दवाखान्यात गेल्या होत्या, त्यांच्या कोबीशेजारी उकिडवा बसून फोटो काढला आणि टाकला. वर लिहिलं, 'उंची गाठायला मेहनत लागते'. कोबी माझा आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. चौदा अंगठे आले.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन. हिचा धाकटा भाऊ. त्याने कधी झाड लावलं नाही, पण फोटो मोठा करून बघायची सवय आहे. म्हणाला, भावोजी, कोबी झकास, पण तुमची ती प्रसिद्ध भिंत तुमच्या मागे पलीकडे कशी दिसतेय? म्हणजे तुम्ही भिंतीच्या बाहेर बसलाय. मी म्हणालो, कॅमेऱ्याचा अँगल. म्हणाला, आणि शेजारी दाढीवाले गृहस्थ कोण? जीएम फोटोत आला होता. माझ्या खांद्यावरून बघत होता, अर्धे डोळे मिटून.

फोन ठेवताना मेहुण्याने विचारलं, ताई सप्टेंबरात परत येतेय ना? तिची खोली झाडून ठेवतो. मी म्हणालो, प्रश्नच येत नाही. त्याच्याशी असं ठामपणेच बोलावं लागतं.

१९ जुलै

हल्ला.

सकाळी आवाज आला म्हणून मागे धावलो. जीएम भिंतीवर चढला होता. खालच्या बाजूला, जिथे काम सर्वांत भक्कम होतं. मी हाड्‌ हाड्‌ केलं. त्याने माझ्याकडे बघितलं, उडी मारायचा विचार केला, बदलला, आणि भिंतीसकट खाली गेला. दार मावेल एवढं भगदाड. दगड पार मावशींच्या नळापर्यंत गडगडत गेले.

जीएमला खरचटलंसुद्धा नाही. वरिष्ठांना काही होत नसतं.

२० जुलै

मावशींकडे गेलो, नुकसानभरपाई मागितली. शांतपणे, मुद्देसूद बोललो. नियोजन, श्रम, मानसिक त्रास. मावशी ऐकत लोकर विंचरत होत्या. म्हणाल्या, भाऊ, माझ्या बोकडाने पाडलंय खरं. मग उठल्या, गोठ्यात गेल्या आणि दोन टोपल्या शेणखत भरून माझ्या दारात आणून ठेवलं. स्वतः उचलून, उतार चढून. हिशोब मिटला का, असं विचारलं. मी म्हणालो, तूर्त मिटला.

ही हे सगळं दारातून बघत होती. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी एकच म्हणाली: इथे वर्षभराचं शेण हिवाळ्यात शेगडीत जातं, उरलं तर शेतात. त्या दोन टोपल्या त्यांच्या कोबीच्या होत्या.

मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न होता. ही म्हणाली, तत्त्वाला वास येतोय, आत आणू नका.

२३ जुलै

भिंतीची दुरुस्ती पाठीच्या कारणाने लांबणीवर. डॉक्टर म्हणतात, दगड उचलायचे नाहीत. म्हणजे ही म्हणते. डॉक्टर अजून आलेले नाहीत.

हिने ते खत भगदाडाजवळच्या कोपऱ्यात पसरलं आणि टबातली सगळी पालकाची नि सलगमची रोपं, बटाट्यासकट, तिथे हलवली. सभोवार काळे दगड मांडले, दिवसाचं ऊन ते रात्री परत देतात म्हणे. मी दिलेल्या जागेत नाही, तक्त्यात नाही. मग हात धुऊन पोस्टात गेली. मी पाठ शेकत होतो, म्हणून फार लक्ष घातलं नाही.

माझी टोमॅटोची तिसरी बॅच मधल्या वाफ्यात, जुन्या चादरीखाली.

१४ ऑगस्ट

आला!!!

टोमॅटो. एक. हिरवा, बोराएवढा. सगळ्या रोपांतून एकाच रोपाने माझ्यावर विश्वास ठेवला. हिला ओढत नेऊन दाखवला. तिने चष्मा लावला, वाकली आणि म्हणाली, गोड आहे. मनापासून म्हणाली असं वाटतं.

मी हिशोब मांडला. सप्टेंबरअखेरपर्यंत तो मुठीएवढा होईल. एका टोमॅटोत दोघांचं जेवण होतं का? सारासारखं पातळ केलं तर होतं. दोन वाट्या. 'जेवण' या शब्दाची व्याख्या आम्ही केली नव्हती, हे किती बरं झालं.

२२ ऑगस्ट

लिंबाएवढा. झाकायला माझी माकडटोपी घातली. दिवसा काढतो. येणारे-जाणारे थांबून बघतात. इथल्या लोकांना बागायतीत रस निर्माण होतोय, याचं श्रेय कोणी देणार नाही.

दवाखान्यात लोक हिला घरचं दही, लोकरीचे मोजे आणून देतात. ही तीन दिवस जायची ती आता सहा दिवस जाते. इतकं राबायचं कशाला, असं विचारलं, तर म्हणाली, हॉस्पिटलात गेली दहा वर्षं मी रजिस्टरं तपासत होते. पेशंटच्या अंगाला हात लागला नव्हता. मी म्हणालो, तेच, पदोन्नतीचे फायदे असतात. तिने मोजे चढवले आणि दवाखान्यात निघून गेली.

२ सप्टेंबर

टोपी गोठून कडक झाली होती. टोपीच्या आत टोमॅटो काचेच्या गोटीसारखा. उन्हं आल्यावर मऊ पडला आणि देठावरच रडायला लागला.

बाग संपली.

कोपऱ्यात हिचं सलगम आहे म्हणा, पण तो छंद झाला.

३ सप्टेंबर

वस्तुनिष्ठ आढावा: हवामान प्रतिकूल. बियाणं निकृष्ट. बोकड. मनुष्यबळ एक. या परिस्थितीत दुसरा कोणी एप्रिलमध्येच परत गेला असता.

पुढच्या वर्षी पॉलिहाउस.

पुढच्या वर्षी कोण असेल इथे, हा प्रश्न तूर्त बाजूला.

११ सप्टेंबर

झोप नीट लागत नाही. उंचीमुळे.

हिची बॅग कपाटावरून खाली काढलेली दिसली. विचारलं नाही. स्वेटर वाळत घातला होता, त्याची घडी मी करून ठेवली. बॅगेत नाही, खुर्चीवर.

२० सप्टेंबर

खरं सांगायचं तर मलाच हा प्रदेश आता कंटाळवाणा वाटायला लागलाय. तेच ते डोंगर. सकाळी उठलं की समोर, झोपताना समोर. गुडघेही कुरकुरतात. टूथपेस्ट तर बोलूनच दाखवते. हिला मी सोबत खाली घेऊन गेलो तर तिच्या मनावरचं ओझं जाईल. पुरुषाने कधी कधी माघार घेऊन दाखवावी. तिचा मान राहील.

शिवाय मेहुण्याने खोली झाडून ठेवली असेल. फुकट जाईल.

२४ सप्टेंबर

बस स्टँडवर जाऊन शेवटच्या बसच्या दोन सीट सांगून ठेवल्या. खिडकीची तिला. कंडक्टर म्हणाला, सिस्टर पण जाणार? मी म्हणालो, हो. तो म्हणाला, काय सांगता! आणि चहाचा ग्लास हातात धरून उभाच राहिला. चहाच्या टपरीतले तिघे-चौघे वळून माझ्याकडे बघायला लागले. चांगल्या नजरेने नाही. मी काय केलंय यांचं?

हिला अजून सांगितलं नाही. योग्य वेळ बघतोय.

२७ सप्टेंबर

आज जेवायला बसलो तर ताटात वाफाळता पालक, बटाट्याच्या फोडी आणि सलगम. भरपूर. मी पहिला घास घेतला. सलगमबद्दल मी पूर्वी जे लिहिलंय ते घाईत लिहिलं होतं.

अर्धं ताट झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. विचारलं, हे दुकानातलं? म्हणाली, तुमच्या बागेतलं. त्या भगदाडाजवळचं. कालपरवा इतका गारठा पडला, पण त्या कोपऱ्याला काही झालं नाही, सगळी थंडी तिथून सरळ बाहेर.

मी पाट सोडून उठलो. दोघांचं एक जेवण! दुकानातलं काही नाही! सप्टेंबरअखेरच्या आत! मी म्हणालो, करार म्हणजे करार, आता तुला राहावं लागणार, मी अजिबात ऐकून घेणार नाही. आवाज जरा चढला असेल. डोळे पुसले, पालकाची वाफ होती.

ही शांतपणे जेवत होती. म्हणाली, बसा आधी. हॉस्पिटलला मी जुलैतच राजीनामा पाठवला. तुम्ही पाठ शेकत होतात, त्या दिवशी. दवाखान्यात माझी नेमणूक पण झाली. सगळ्या गावाला माहीत आहे.

मी विचारलं, मग बॅग का काढली? म्हणाली, मोजे ठेवायला जागा नव्हती.

विचारलं, मला का नाही सांगितलंस? दोन महिने मी जीव तोडून... म्हणाली, अहो, सांगितलं असतं तर तुम्ही बागेत जायचं थांबला असतात. मग दिवसभर घरात बसून मला सुधारत बसला असतात. आणि म्हणाली, त्या टोमॅटोला टोपी घालताना तुम्ही त्याच्याशी काहीतरी बोलायचात. मला खिडकीतून दिसायचं. तेवढं बंद व्हायला नको होतं.

मी काय बोलायचो ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

२७ सप्टेंबर, संध्याकाळ

या जेवणात माझा वाटा किती, याचा विचार केला. माती: इथलीच. रोपं: हिची. जागा: जीएमने करून दिलेली. खत: मावशींचं. भिंत माझी, पण जेवण आलं ते ती जिथे नाही तिथून.

चहा प्यायलो. कोमट.

२८ सप्टेंबर

बस स्टँडवर सीट रद्द करायला गेलो. कंडक्टर इतका खूश झाला की त्याने मला मिठीच मारली. आमच्या जागेवर बटाट्याची दोन पोती बसून गेली. खिडकीकडचं पोतं जास्त समाधानी दिसत होतं.

ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी विचारलंय, कोबीचं पुढे काय झालं? उत्तर दिलेलं नाही.

१ ऑक्टोबर

पाठ बरी आहे म्हणून भगदाडाच्या दोन्ही बाजूंचे आणखी काही दगड काढले. वायुवीजन सुधारण्यासाठी. डिझाइनमध्ये असा बदल नंतर करावाच लागतो.

त्या बाजूने पलीकडचं शेत आता सरळ दिसतं. मावशींचे शेवटचे दोन वाफे बारीक राहिलेत. बाकीचा कोबी डोक्याएवढा, हे मुठीएवढे. खत कमी पडलं असणार.

५ ऑक्टोबर, दुपार

बर्फ अजून पडलेला नाही. ही दवाखान्यात गेली. मी दोन टोपल्या घेतल्या आणि खालच्या रस्त्याने निघालो. खेचरं सकाळी तिकडून जातात. हातमोजे घातले होते. वाकायचं, उचलायचं, टोपलीत टाकायचं. दुकानदार फळ्या उघडत होता, त्याने हाक मारली नाही. मीही तिकडे बघितलं नाही. पहिली भरायला पुलापर्यंत जावं लागलं. दुसरी भरेपर्यंत ऊन डोक्यावर आलं.

मावशी घरात नव्हत्या. गोठ्यामागे त्यांचा शेणखताचा ढीग आहे, तिथे दोन्ही टोपल्या उलट्या केल्या आणि काठीने सारखं केलं, वेगळं दिसू नये म्हणून. जीएम दारात उभा होता. मी त्याला नमस्कार केला आणि घरी आलो.